सतरंजीवरची मोकळी जागा

भोकरदन रस्त्यावरचं ते व्यसनमुक्ती केंद्र पूर्वी मंगल कार्यालय होतं. धंदा बसला तेव्हा सर्जेरावांनी इमारत तीच ठेवली, गिऱ्हाईक बदललं. त्यामुळे ऑफिसच्या दारावर अजून 'वरपक्ष' असं रंगवलेलं होतं, आणि नव्या पेशंटला ज्या खोलीत कोंडत तिच्यावर 'वधूपक्ष'. मधल्या हॉलमध्ये, जिथे एकेकाळी पंगती उठायच्या, तिथे आता दारू सोडणारे पुरुष सतरंजीवर गोल करून बसत. भिंतींना फिनेलचा वास येई. डॉक्टरांचं नाव बाहेरच्या पाटीवर होतं. डॉक्टर पाटीच्या आत कधी आले नव्हते.

दैवशाला रविवारच्या पालकसभेला आली होती. चाळिशीतल्या नवऱ्याची बायको ही त्याची पालक कशी, असा प्रश्न तिला पडला नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा. तो घेऊन ती घरी जाणार होती.

उन्हाळा लागता लागता तिनेच केंद्राला फोन केला होता. पिंपळगाव रेणुकाईला जीप आली, दणकट माणसं उतरली, आणि हॉटेलात चहा पीत बसलेल्या कचरूला त्यांनी पोत्यासारखं जीपमध्ये मागे टाकलं. कपातला चहा सांडला तेवढाच विरोध. मग बरेच दिवस भेट नाही, नियम आहे. आणि मग एक फोन : तुमचे मिस्टर भिंतीवरून पळून गेले. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पिणारा माणूस हाय बाई," ते म्हणाले, "तलफ भागली की येईल."

"सर, त्या भिंतीवर काचा हायेत," दैवशाला आता सर्जेरावांना म्हणाली.

"ताई, तलफ आली की माणसाला काच दिसत न्हाई."

"मंग रगत तरी दिसलं असतं कुठं. मी सगळी भिंत पाहून आले."

सर्जेराव सावकाश पाणी प्यायले. पांढरा सदरा, कपाळावर गंध, मागे भिंतीवर समाजसेवेचे पुरस्कार घेतानाचे फोटो. प्रत्येक फोटोत अंगावर एक शाल होती. दारू सोडवणाऱ्याला एवढी थंडी का वाजते, कोण जाणे.

"सभेत बसा," ते म्हणाले. "मन हलकं होईल."

तिला मन हलकं करायचं नव्हतं. तिला त्यातलीच एखादी शाल त्यांच्या गळ्याभोवती आवळायची होती. ती बसली.

गोल भरला होता, फक्त एक जागा सोडून. हाही सरांचाच नियम. पळून गेलेल्याची जागा कुणी घ्यायची नाही; ती बघून बाकीच्यांना लाज वाटली पाहिजे. त्या जागेच्या एका बाजूला पुंजाराम होता, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, इथलं जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या बाजूला हरिओम, बियाणं कंपनीचा सेल्समन, बीएस्सी, नुकताच भरती झालेला.

"मी पुंजाराम. मी दारुडा आहे. आजचा दिवस पिणार न्हाई."

"नमस्कार, पुंजारामभाऊ!" सगळे एका सुरात.

मग मोकळी जागा आली. पंखा करकरत होता. साऱ्यांच्या माना त्या बाजूला किंचित वाकल्या, हळू बोलणाऱ्या माणसाकडे वाकतात तशा.

"नमस्कार, कचरूभाऊ!"

दैवशालेच्या कानशिलात जाळ उठला. "चेष्टा लावली का माझी?"

"चेष्टा न्हाई, ताई," सर्जेराव घाईने म्हणाले. "सवय पडली त्यांना. जागा आली की नाव तोंडातून निघतं."

हे पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा होता. पुंजारामने नेहमीचा सांगितला, डेपोतल्या भांडणाचा. नंतर पुन्हा ती शांतता. या वेळी लांबलेली. आणि मध्येच अख्खा गोल हसला. एकदम, एकाच क्षणी, किस्सा रंगल्यावर हसतात तसा. हरिओम तर डोळे पुसायला लागला.

"बकरी!" तो म्हणाला. "रेशनकार्ड बकरीनं खाल्लं, तर भाऊ पुरावा म्हणून बकरीलाच तहसीलमधी घेऊन गेले!"

दैवशालेला तो दिवस आठवला. हे खरं होतं. साहेबाने बकरीसकट हाकलून दिलं होतं, आणि घरी येऊन दोघं पोट दुखेपर्यंत हसले होते. तेव्हा तो प्यालेला नव्हता.

"तुमी कधी भेटले त्यांना?"

"भेटतो कुठं? ते गेल्यावर मंग मी आलो ना."

"मंग हे कुणी सांगितलं?"

"आत्ता त्यांनीच न्हाई का सांगितलं?" हरिओमने तिच्याकडे, कमी ऐकू येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं, समजुतीने बघितलं.

तिने सर्जेरावांकडे पाहिलं. ते हसले नव्हते. ते सतरंजीकडे बघत होते. मोकळ्या जागेवर ओल धरली होती, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. पाण्याचा टँकर येऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते.

"सभा संपली," ते म्हणाले. "चला, उठा."

कुणी उठलं नाही.

"मला ऐकू येत न्हाई," दैवशाला पुंजारामला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमी इचारा त्यांना. म्हणावं, अक्षताचे पप्पा, घरी चला. पोरगी वाट पाहून राह्यली. प्यायची तर प्या, न्हाई तर नका पिऊ. पण चला."

"ताई, हा पेशंट लोकांचा भ्रम असतो," सर्जेराव म्हणाले. "शास्त्रात लिहिलेलं हाय."

"तुमी गप बसा."

बहुधा त्या इमारतीत त्यांना असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं असावं. ते गप्प बसले.

पुंजाराम मोकळ्या जागेकडे वळला. "भाऊ, घरून आल्यात. चलता का?"

माना वाकल्या.

या वेळी कुणी हसलं नाही. हरिओमने डोळे मिटून घेतले. पलीकडे कुणीतरी हुंदका दाबला.

"काय म्हणले?"

पुंजाराम सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत राहिला.

"काय म्हणले ते?"

"बाई, ते म्हणतेत, आधी सोडा."

"काय सोडा?"

पुंजारामने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. दोन्ही मनगटांवर बांधून ठेवल्याचं काळं कडं उमटलेलं होतं, कातडीतच. मग हरिओमने बाह्या सारल्या. मग त्याच्या शेजारच्याने. न सांगता, न बोलता, सगळ्या गोलाने हात पुढे धरले.

सर्जेराव वरपक्षाच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

दैवशालेने पदर कमरेला खोचला. गोल ओलांडून ती त्या ओलीसमोर गुडघ्यांवर बसली.

"हात द्या इकडं," ती म्हणाली.

तिने दोन्ही हात पुढे केले.

हवा असायला हवी होती तिथे बोटांना कापड लागलं. पिळलेलं, ताणून आवळलेलं. जन्मभर तिने कडब्याच्या पेंढ्या आणि धान्याची पोती बांधली होती, सोडली होती. ही गाठ मारणाऱ्याला ती कधीच सोडायची नव्हती, एवढं तिच्या हातांना कळलं.

नखं शिरेनात. मग तिने मान खाली घातली आणि गाठीला दात लावले.

कापड खारट होतं. आणि अजून कोमट.