एकेचाळिसावं तिकीट

मोबाइल पालथे घालून ठेवा आधी. गोष्ट त्यातलीच आहे, उगीच मध्ये वाजायला नको. माझ्या चुलतभावाच्या थोरल्या मुलीवर गुदरलेला प्रसंग. तिने मला एकदाच सांगितला. पुन्हा विचारलं की विषय बदलते.

ती टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड काढायचा पगार घेते. लहानपणापासून तेच करायची, पण तेव्हा फुकट. तिच्या कंपनीत जुन्याच्या जागी नवं पोर्टल यायचं होतं. कॉम्प्युटर बिघडला, पासवर्ड विसरला, दार अडकलं, की फोन कुणाला करायचा नाही. पोर्टलवर आपली तक्रार आपणच टाकायची. त्या तक्रारीला ते लोक तिकीट म्हणतात. पूर्वी हे सगळं चालवणारी यंत्रं तळमजल्यावरच्या एका खोलीत होती. आता सगळं क्लाउडवर गेलं. म्हणजे नक्की कुठे, ते मला विचारू नका. खोली रिकामी झाली आणि तिला कुलूप लागलं.

मंगळवार, नोव्हेंबरची एकोणीस तारीख. रात्री बाराला पोर्टल सुरू व्हायचं होतं. त्याआधी ‘सगळं तपासलं, एकही तिकीट उघडं नाही’ अशी सही हिने करायची. सही वेळेत झाली की कंत्राटावरची पोरगी कायम होणार. नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली, त्यामुळे सगळ्या घराचे डोळे त्या सहीकडे लागले होते.

चौथ्या मजल्यावर ती एकटीच होती. तिने सहा खोटी खाती बनवली होती, टेस्ट एक ते टेस्ट सहा. त्यांच्या नावाने चाळीस खोटी तिकिटं टाकली होती. माऊस चालत नाही, प्रिंटर कागद खातो, असली. साडेअकराला तिने ती सगळी एकदम बंद केली. त्यांची रीतच तशी. टेस्टचं तिकीट कुणी वाचत बसत नाही.

बंद झाली एकेचाळीस.

मोजताना चुकलो असू, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली. तेवढ्यात त्यातलं एक तिकीट परत उघडलं. नाव, टेस्ट सात. जागा, तळमजल्यावरची ती खोली. मजकूर एवढाच, ‘दार उघडत नाही. आत आहे.’

दिवसा शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी मोठा वात्रट. त्याचेच हे उद्योग, असं तिला वाटलं. कारणाच्या रकान्यात तिने ‘टेस्ट’ लिहिलं आणि तिकीट बंद केलं.

उघडलं.

तिने पुन्हा ‘टेस्ट’ लिहिलं. पुन्हा बंद केलं.

उघडलं. खाली एक ओळ वाढली होती.

‘टेस्ट नाही.’

तिने सहकाऱ्याला फोन लावला. तो झोपेतून उठला. “अगं, सातवं खातं आपण बनवलंच नाहीये,” तो म्हणाला.

बाराला अठरा मिनिटं होती. आणखी एकदा बटण दाबलं असतं तर कदाचित ते बंद राहिलंही असतं. सही झाली असती. तिचा हात माऊसवरच होता.

नवी ओळ आली. ‘श्वास लागतोय.’

ती उठली.

खाली येऊन तिने वॉचमनकाकांकडे खोलीची किल्ली मागितली. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं नाही. किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“मी येत नाही, ताई.”

तळमजल्याच्या बोळातले दिवे माणूस खालून गेला की लागणारे. ती चालली तसा एकेक लागत गेला, मागचा विझत गेला. दाराला तिने कान लावला. काही नाही. किल्ली फिरली, पण दार हलेना. तिने खांदा लावला. जोर केला. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. चार भिंती. धूळ.

आणि ती बाजूला सरकली... आपोआप. दारातून कुणी बाहेर येत असलं की आपण वाट देतो ना, तशी.

त्यानंतर ती जागची हलली नव्हती. पण बोळातला पुढचा दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा...

थेट मोठ्या दरवाजापर्यंत.

ती परत आली तेव्हा वॉचमनकाका उभे होते. हात जोडलेले. मग त्यांनी तिला सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्या खोलीत आग विझवायचा गॅस सुटला, दार अडकलं, आणि यंत्रांकडे बघणारा माणूस आत राहिला. फोनला रेंज नव्हती. त्याने समोरच्या कॉम्प्युटरवरून तिकीट टाकलं. त्या रात्री पहिल्या पोर्टलचं टेस्टिंग चालू होतं. टेस्टची तिकिटं सगळी एकदम बंद केली, त्यात त्याचंही गेलं. दार उघडलं ते सकाळी.

ती वर गेली. बाराला तीन मिनिटं होती. ते तिकीट बंद झालेलं होतं. तिने केलं नव्हतं. तिने सही केली, आणि आज ती तिथे कायम आहे.

तिकीट बंद झालं की तक्रार करणाऱ्याला दोन प्रश्न जातात. ते प्रश्न पाठवायची सोय त्या रात्री अजून सुरूच केलेली नव्हती. सही करून ती कॉम्प्युटर बंद करणार, तर त्या तिकिटाखाली उत्तरं आली होती.

मदत मिळाली का? हो.

वेळेत मिळाली का?

नाही.