आग्रह शिकलेला दूत

"मानवजातीच्या इतिहासातलं वाट पाहण्याचं युग आज संपलं," असं संचालक डॉ. विश्राम सरपोतदार यांनी जाहीर केलं, आणि फीत कापायची कात्री सापडेपर्यंत सगळे उन्हात ताटकळत उभे राहिले.

सावळेपूरच्या नेत्ररुग्णालयात त्या दिवसापासून रुग्णांना बोलावण्याचं काम दूताकडे गेलं. दूत म्हणजे आपल्या बुद्धीने कामं उरकणारी संगणकप्रणाली. यादी काढायची, फोन करायचे, तारखा ठरवायच्या. म्हाताऱ्या माणसांना परकं वाटू नये म्हणून त्याला लग्नघरातली, जेवणावळीतली, ओसरीवरची बोलणी ऐकवून वाढवलं होतं.

या दूतासाठी माहितीपत्रकं लिहायचं काम शर्मिष्ठा हळबेचं. कुठलं साधन कसं वापरायचं, ते तो त्यातून शिके. माहितीपत्रक माणसं कधीच वाचत नाहीत. दूत अक्षर न् अक्षर वाचतो. एवढा निष्ठावान वाचक लाभलेली मराठीतली ती बहुधा एकमेव लेखिका असावी.

तिचं ताजं पत्रक होतं 'यादी-वाचक' या साधनाचं. हजारो नावं एकदम दिली की दूत गोंधळतो, म्हणून हे साधन आडनावांच्या वर्णानुक्रमाने एकेक पान देई आणि पानाखाली एक खूण ठेवी. ती खूण परत पाठवली की पुढचं पान मिळे. शर्मिष्ठाने लिहिलं होतं, 'आणखी नावे हवी असल्यास कृपया पुढची खूण पाठवावी.' वाक्य तिचं तिलाच आवडलं होतं.

पंचाईत घरात होती. तिच्या वडिलांचे, अण्णांचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूने धुरकटले होते. आणखी पिकला तर अवघड जाईल, असं डॉक्टर बजावून गेले होते. पेपर शर्मिष्ठा वाचून दाखवी. मात्र निधनवार्ता गाळी.

"शमे, कोण गेलं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तू लपवतेस."

"येईल हो फोन, अण्णा. मी सांगू का सरांना?"

"वशिला नको. आगाशेला आला की आपोआप. दोनदा."

आगाशेकाकांचे दोन्ही डोळे झाले होते. आपटे, इनामदार, ओक, सगळे लख्ख बघत होते. शस्त्रक्रियेनंतरही तपासणीसाठी नाव यादीत राही, त्यामुळे दूत फिरून त्यांनाच फोन करी. परवा तर त्याने आगाशेकाकांकडे अदबीने तिसऱ्या डोळ्याची चौकशी केली होती. हळब्यांची वाट मात्र त्याला सापडत नव्हती.

रविवारी दुपारी शर्मिष्ठाने बासुंदी केली. वाटी रिकामी झाली तशी तिने विचारलं, "वाढू आणखी?"

"छे, छे. पुरे."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. अण्णा वाटीच्या कडेवरून बोट फिरवत बसून राहिले.

"तुझ्या आईनं असं झाकण ठेवलं नसतं."

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"पहिल्यांदा हो कोण म्हणतं गं?"

शर्मिष्ठा झाकणावरचा हात न काढता तशीच उभी राहिली. मग खरकटा हात धुऊन तिने संगणक उघडला आणि यादी-वाचक आणि दूत यांची बोलणी काढली.

'आणखी नावे आहेत. हवी आहेत का?'

'नकोत, आभारी आहे. एवढी भरपूर झाली.'

रोज सकाळी हेच.

तिने सरपोतदारांना फोन लावला. "दूत बिघडला?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, चांगल्या वळणाचा आहे. आपण आग्रहच केला नाही."

"लगेच करा. माझ्या सासूबाई क्षीरसागर आहेत. यंत्रणा निर्दोष आहे असं मी त्यांना किती दिवस सांगू?"

तिने पत्रक नव्याने लिहिलं. 'पहिल्या पानावर उठायचं नाही. खूण दिसली की पुढचं पान घ्यायचंच. नको म्हटलेलं चालणार नाही. खूण नसेल तेव्हाच यादी संपली असं समजावं.'

सोमवारी सकाळी घरचा फोन वाजला. अण्णांनी चाचपडत उचलला.

"हळबेकाका, आपल्या डोळ्यांची वेळ ठरवायची आहे. बुधवारी याल?"

"नको, राहू दे," अण्णा म्हणाले. "आधी बाकीच्यांचं आटपू दे. माझं काय एवढं."

शर्मिष्ठाने पुढे होऊन फोनला कान लावला.

"ते चालणार नाही, काका. बुधवारी यायचंच."

हे तिने यादीसाठी लिहिलं होतं, माणसांसाठी नव्हे. अण्णांचं ठीक होतं. पण उद्या कुणी मनापासून नको म्हणालं, तर याला ते कसं उमगणार? जन्म इथे काढलेल्या तिला तरी काल कुठे उमगलं होतं?

अण्णांचा चेहरा मात्र खुलला होता.

"बरं, एवढं म्हणताय तर येतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या अंदाजाने मान वळवली.

"शमे, ती कालची बासुंदी संपली का गं?"