लाईबासाठी एक पुस्तक

“मॅडम, हे परत घ्या. आणि असलं पुस्तक पुन्हा कुणाच्या मुलीला देऊ नका.”

त्याने ते आपटलं नाही, हळूच ठेवलं. म्हणूनच मला जास्त लागलं.

मागच्या शुक्रवारी हाच माणूस चुकून आमच्या दारात आला होता. इथे बहरीनला, मनामातल्या एका हॉलमध्ये शुक्रवारी चार ते सहा आमचं मराठी वाचनालय भरतं. मुलांचं कपाट माझ्याकडे. तो मोबाइल दुरुस्तीवाला शोधत होता. कपाट बघून थबकला.

“सात वर्षांच्या मुलीला काही आहे? दापोलीला असते. फोनवर वाचून दाखवीन.”

नाव उबेद, काम शहराबाहेर अस्करला, ॲल्युमिनियमच्या भट्टीवर. हसला की गालावरची भाजल्याची बारीक खूण हलायची... आणि मी काहीही न विचारता माझं सगळ्यात लाडकं पुस्तक त्याला दिलं. त्यात आई मुलीची वेणी घालते आणि प्रत्येक पेडाबरोबर एक गोष्ट सांगते. तो गेल्यावर मी स्वतःला बजावलं – झोहरा, त्याला बायको आहे, मुलगी आहे. सोमवारच्या रोज्यात तौबाही केली.

“काय झालं?” आता मी विचारलं.

“लाईबाची आई दोन वर्षांपूर्वी गेली.”

मी पुस्तक उचलून जवळ घेतलं.

“हे पुस्तक ऐकलं त्या दिवसापासून पोरगी फोनवर येत नाही. सहा दिवस झाले. तिची दादी म्हणते, माझा फोन वाजला की परसात पळते.”

“माफ करा... मी आधी विचारायला हवं होतं.”

“मग आता विचारा ना!” तो खुर्ची ओढून बसला. “पाचला आमची कंपनीची बस सुटते. तिला हसवेल असं द्या काहीतरी. आई नसलेलं.”

मी विचारत गेले. लाईबाला काय आवडतं? कोंबड्या. कशाची भीती वाटते? “ढगांच्या गडगडाटाची... पण ती लहान असताना. आता – ठाऊक नाही.” आवडता रंग? त्याने नुसती मान हलवली.

“चौदा महिने रजा नाही मिळाली, मॅडम. बापाच्या परीक्षेत नापास.”

“पेपर अजून संपला नाही,” मी म्हटलं. तो जेमतेम हसला.

मी कोंबड्यांचं पुस्तक काढलं. त्याने एकेक पान तपासलं. “पिल्लं आहेत. पिल्लं म्हणजे आई आलीच.” तिसरं, चौथं... प्रत्येकात कुठे ना कुठे आई निघत होती. साडेचार वाजून गेले.

मग मला वेगळीच शंका आली. “त्या दिवशी शेवटचं पान वाचलंत?”

त्याने मान खाली घातली. “रडू आलं. रेंज गेली म्हटलं – आणि फोन ठेवला. नंतर दादीशी बोलतानाही त्या पुस्तकाचं नाव काढलं नाही.”

“ती पुस्तकाला घाबरलेली नाही, उबेद. आपल्यामुळे अब्बांना रडू आलं, असं वाटतंय तिला.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरात कुणी तिचं नाव काढत नव्हतं. मग मीही काढत नव्हते – बाबांसाठी.”

मी तेच पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. “द्यायचं तर हेच देईन. आत्ता वाचा. इथेच.”

“आणि नाहीच आली तर?”

“दादीला म्हणा, फोन परसात न्या. तिने बोलायलाच हवं असं नाही. नुसतं ऐकू दे.”

रिंग जात राहिली. मी मनात दुआ करत, दरूद म्हणत होते. दादीने उचलला. चपलांचा आवाज, कोंबड्यांचा कलकलाट... तो वाचू लागला. दोन ओळींत आवाज फुटला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं – थांबू नका. खाली बसने हॉर्न दिला. तो रडत रडत वाचत राहिला, पार शेवटच्या शब्दापर्यंत.

पलीकडून फक्त कोंबड्या ऐकू आल्या.

मग बारीक आवाज आला. “अब्बा... मम्मी मला कुठली रिबन लावायची?”

“पिवळी,” तो म्हणाला. “पिवळी लावायची, बाळा.”

बस केव्हाच निघून गेली होती.

त्यानंतर अकरा शुक्रवार तो आला. मुद्दाम वेळ लावायचा.

“हे वाचलंय तिने.”

“रजिस्टरमध्ये तर नाही!”

“मग मी वाचलं असेन. दुसरं दाखवा.”

बाराव्या शुक्रवारी त्याने पुस्तक मागितलंच नाही. रजा मंजूर झाली होती. “उद्या निघतोय, झोहरा. घरच्यांना सांगून... तुमच्या भावाकडे लग्नाचा विषय काढू?”

मी कपाटाला किल्ली लावली. “आधी लाईबाला विचारा. ती नको म्हणाली, तर विषय खलास.”

“आणि तुमचं? तुमचं काय ते तरी सांगा.”

मी किल्ली काढली, पुन्हा लावली. तो हलेना.

“माझं... हो आहे,” मी म्हटलं. “पण हे तिला सांगू नका. तिचं तिला ठरवू दे.”