चौथा तुंबा

दिवसभर बर्फाला खोल भोकं पाडायची आणि संध्याकाळी मोठ्या तंबूत येऊन येर्बा, म्हणजे त्यांच्याकडचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा, हा दक्षिण ध्रुवाकडच्या त्या छावणीचा शिरस्ता. संध्याकाळ आपली घड्याळात बघून म्हणायची, सूर्य मेला मावळायचं नावच घेत नव्हता.

माणसं तीनच. नेलिदा प्रमुख. आन्सेल्मो हा मेन्दोसाकडचा, डोंगरात केस पिकलेला वाटाड्या. आणि ड्रिलचं मशीन सांभाळणारा एवारिस्तो, नेलिदाच्या धाकट्या बहिणीचा, मिरताचा, नवरा. त्याला गळ घालून इथे आणलं नेलिदानंच, आणि तिकडे कोर्दोबात मिरता बाळंत झाली. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "ताई, माझा माणूस तेवढा धड परत आण."

"आणते गं बाई," नेलिदा म्हणाली खरी, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो वाट चुकू नये म्हणून बांधलेली दोरी सोडून चार पावलं लांब गेला तरी ती ओरडायची.

येर्बा भरायचा मान तिचा. सगळ्यांत मिळून तुंबा एकच, नळीही एकच. तिनं कढत पाणी ओतून द्यायचं, घेणाऱ्यानं तळापर्यंत ओढून तिच्याच हाती परत करायचा, मग पुढच्याची पाळी. आधी ती, मग आन्सेल्मो, शेवटी एवारिस्तो. हा पठ्ठ्या शेवटचा घोट असा खुर्रखुर्र ओढायचा की आन्सेल्मो कावायचा.

"मोरी तुंबली का रे? बाप झालास आता, माणसासारखं पी!"

"आवाजाशिवाय चव नाही, म्हातारबा. पोरीलाही हेच शिकवणार मी. काय मेव्हणीबाई?"

"शिकव हो, आधी घरी तर पोच," नेलिदा म्हणायची.

मग वारा सुटला. तंबूचं कापड दिवसरात्र फडफडत राहिलं, कामं थांबली, बोलणं कमी झालं. आणि कढत पाण्याचा थर्मास लवकर रिता व्हायला लागला. नेलिदा दोघांवर चिडली. गॅस काय झाडाला लागतो?

आन्सेल्मो मोजे शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरी, तू चार भरतेस."

"काहीतरीच काय! चौथा कुणाला?"

"तेच विचारतोय."

ती हसली. पण पुढच्या फेरीला तिनं स्वतःच्या हातावर नजर ठेवली. पहिला तिचा. दुसरा आन्सेल्मोचा. तिसरा एवारिस्तोचा, खुर्रखुर्र. मग तिच्या हातानं सवयीनं पुन्हा पाणी ओतलं आणि तुंबा तंबूच्या दाराकडे पुढे केला. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. हात हलका झाला. मधे काय झालं ते तिला कधीच सांगता आलं नाही, पण तुंबा पुन्हा तिच्या हातात होता, रिकामा. ओढल्याचा आवाज झाला नव्हता. आत्ताच कढत पाणी घातलेला तुंबा इतका गार पडला होता की त्याच्या चांदीच्या काठाला तिची बोटं चिकटली.

"कुणी घेतला?"

"मी नाही," आन्सेल्मो म्हणाला.

"मीही नाही," एवारिस्तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तिनं माणसं मोजली. खांद्याला हात लावून लावून मोजली. तीन.

"मोजत बसू नकोस," आन्सेल्मो हलकेच म्हणाला. "डोंगरात असं झालं की आम्ही तिथून निघतो."

वारा पडला तसा रेडिओवर निरोप आला. विमान येतंय, जागा तीनच, इंजिन बंद करणार नाही, चटकन चढा. बर्फावर काहीही मागे ठेवायचं नाही हा नियमच होता. तिघांनी धावपळ करून तंबू गुंडाळले, मशीन चढवलं.

विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यानं भुरभुरीत बर्फ उडून सगळं पांढरं झालं होतं. नेलिदा आणि आन्सेल्मो चढले. एवारिस्तो पायरीवर थबकला.

"अरे, खुणेचा लाल झेंडा राहिला!"

"राहू दे! एवारिस्तो, मागे फीर!"

तो त्या पांढऱ्यात दिसेनासा झाला. नेलिदा उतरणार तोच तो परत आला, रिकाम्या हातानं, आणि निमूट जागेवर बसला. झेंड्याचं काय झालं हे तिनं विचारलंही नाही. त्याचा पट्टा तिनं स्वतः आवळला.

"तीन?" पायलट ओरडला.

"तीन!" तिनं दार ओढून घेतलं.

विमान उचललं गेलं आणि तिला रडूच फुटलं. आणला गं मिरता, आणला तुझा माणूस. खाली पांढऱ्यावर एक काळा ठिपका उभा होता. इंधनाचं रिकामं पिंप असेल, तिला वाटलं. डोळे पुसून तिनं तुंबा काढला.

पहिला तिचा. दुसरा आन्सेल्मोचा. तिसरा एवारिस्तोचा.

आन्सेल्मो त्याची खोडी काढायला टपूनच बसला होता.

एवारिस्तोनं मान खाली घातली, नळी ओठांना लावली आणि तुंबा परत दिला. रिकामा.

आवाज झाला नाही.

आन्सेल्मोनं सावकाश मान वळवली.

नेलिदाची बोटं तुंब्याच्या काठाला चिकटली होती.

"आन्सेल्मोबाबा," तिनं विचारलं, "पिंप आपण खालीच ठेवलं ना?"

"नाही गं. हे काय, तुझ्या मागेच."

विमान वळलं. तिनं काचेला कपाळ टेकलं.

खालचा ठिपका धावत होता. त्याच्या हातात काहीतरी लाल फडफडत होतं.