बुजवलेला सूर

सुधाकररावांना एक वेळ बेसूर माणूस चालायचा, बेसूर माउथ ऑर्गन नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून प्रताप नगरच्या घरी ते जुने बाजे दुरुस्त करत बसत. त्या दुपारी टेबलावर जगतपुऱ्याच्या वरुणचा बाजा होता, त्याच्या दिवंगत वडिलांचा. "ऑफिसच्या कार्यक्रमात वाजवायचाय काका, एक सूर लागत नाही," एवढं सांगून तो गेला होता.

"लागेल कसा, डोंबल!" झाकण उघडताच सुधाकरराव बायकोला हाक मारत कडाडले. "विनया, हे बघ! कुणा गाढवाने भोकात मेण कोंबलंय. वाद्याचा गळा दाबलाय नालायकाने!"

"हळू बोला हो. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

टाचणीने कोरून कोरून त्यांनी मेण काढलं. आतली पितळी पट्टी शाबूत होती. परक्याचा बाजा ते कधी तोंडाला लावत नसत. आधी धुऊन पुसून छोट्या भात्याने वाजवून बघत. पण आज राग नाकाच्या शेंड्यावर होता. बाजा तसाच ओठांना लावून त्यांनी श्वास आत ओढला.

सूर लागला. स्वच्छ, लांब. मागोमाग आजाऱ्याच्या खोलीतला कोंदट, औषधी वास घशात उतरला. शी! त्यांनी बाजा खाली ठेवला.

श्वास घेतला… टेबलावर सूर वाजला. पुन्हा घेतला… पुन्हा वाजला.

"हा काय चावटपणा आहे!"

विनयाताईंनी घाबरून भोकावर अंगठा दाबला. सूर थांबला आणि सुधाकररावांची छातीही. तोंड उघडं, डोळे पांढरे, हवा आत जाईना. विनयाताईंनी किंचाळून अंगठा उचलला, तेव्हा कुठे श्वास सुरू झाला. बाजाही.

दारावरची बेल वाजली. वरुण आला होता.

"अजून आपोआप वाजतोच का हा?" तो वैतागला. "बाबांच्या आजारपणात असंच छळलं याने. शेवटी मीच मेण भरलं. वाटलं, तुमच्या हातून तरी सुधारेल."

"तू?" सुधाकरराव ताडकन उठले. "आणि… बाबा?"

"बाबा त्याच संध्याकाळी गेले." वरुणने हात पुढे केला. "नकोच ती दुरुस्ती. द्या इकडे, पुन्हा बुजवून टाकतो."

सुधाकररावांनी बाजा छातीशी कवटाळला. "खबरदार हात लावलास तर!"

वरुण चमकला.

"काका… बाबासुद्धा तेव्हा हेच ओरडले होते."

पण हात काही त्याने मागे घेतला नाही.