पहिली सही माझी

सत्त्याऐंशी साली, जाफराबादच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून मी एसटीत जागा धरली. गर्दीतून आत शिरून बघते तर रुमालावर एक माणूस बसलेला, वरून खुशाल पुस्तक वाचतोय. मी बिलकुल सोडलं नाही त्याला. तो निमूट उठला, रुमाल झटकून घडी करून दिला आणि जालन्यापर्यंत उभा राहिला. उतरताना म्हणाला, “पुढच्या वेळी नाव लिहून टाकत जा त्याच्यावर. बेवारस वाटला...” मी फणकारले. घरी येईस्तोवर हसत मात्र होते.

रविवारी तोच माणूस आमच्या चर्चमध्ये! शमुवेल सर, तरुणांच्या वर्गाचे नवे शिक्षक. ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवायचे. कुठल्या सालच्या धर्मसभेत काय ठरलं हे आम्ही नुसतं घोकलं होतं. सर मात्र शेजारच्या गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगायचे. नायसियाच्या सभेत बिशप कसे तावातावानं भांडले, बिशप अथनेशियसला पाच वेळा कसं हद्दपार केलं... मधूनच माझ्याकडे बघायचे अन् माझं वहीतलं अक्षर वाकडं व्हायचं. मी मुद्दाम अवघड प्रश्न काढायचे. उत्तर देताना ते वर्ग सुटल्यावरही थांबायचे, आणि मला तेच हवं असायचं.

माझे वडील साहेबराव, आम्ही आबा म्हणतो, चर्चच्या कमिटीत पंच होते. संतमहंत भांडायचे, घाबरायचे, हे पोरांना सांगणं त्यांना मुळीच पटलं नाही. हा माणूस पोरांचा विश्वास नासवतोय, म्हणाले. वर्ग बंद करावा म्हणून अर्ज लिहिला आणि स्वयंपाकघरात आणून माझ्यापुढे ठेवला. मी भाकरी थापत होते. हात धुतले आणि सही केली. पुन्हा भाकरी थापायला लागले. पहिली सही माझी, मग “बेबीनंदाताईनं केली ना” म्हणून बाकीच्या पोरांनीही केल्या.

त्याच आठवड्यात सरांनी रिमिनीची सभा शिकवली होती. रोमच्या बादशहाच्या माणसांनी बिशपांना महिनोन्महिने अडकवून ठेवलं, न पटणाऱ्या कबुलीवर सही केल्याशिवाय घरी जाऊ देईनात. शेवटी केल्या त्यांनी. घरी पोचल्यावर कित्येकांनी शरमेनं मागं घेतल्या. त्यांच्यामागं निदान बादशहा तरी होता. मला कुणी अडकवलं होतं? मला स्वतःची किळस आली. नंतर सर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचे.

मंडळीच्या सभेत आमच्या चर्चच्या पाळकांनी अर्ज वाचला, नावं वाचली. माझं नाव पहिलं आलं तेव्हा सर माझ्याकडं बघत होते. मी उठले. म्हणाले, “सही माझी हाय. पण ते म्हणणं माझं न्हाई. घाबरून केली. माझं नाव काढा.”

पाळकांनी नाव खोडलं. दुसरं कुणी उठलं नाही. वर्ग बंद झाला.

बाहेर बारीक पाऊस लागला होता. फाटकापाशी सर छत्री न उघडताच उभे होते. मी माफी मागायला गेले आणि रडायलाच लागले.

“रागावलात?”

“हाये की. अजून रागातच हाये.” मग सर हळूच म्हणाले, “पण राग धरून तुमच्याबिगर राहायचं... ते काही जमून न्हाई राह्यलं. घरी येऊन तुमच्या आबांना विचारायचं म्हणतो. ते न्हाई म्हणले तर? तुम्ही मंग गप बसाल का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारायचा हक्क होता त्यांना.

मागून आबा सायकल घेऊन येत होते. मी सरांचा हात धरला, तिथंच, सगळ्यांसमोर.

“आबा, मला सरांशी लग्न करायचंय. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगून राह्यले.”

आबा सायकलच्या दांडीवरचं पाणी पुसत राहिले. मग सरांना म्हणाले,

“चहाला घरी या, मास्तर. पण वर्ग बंद तो बंदच.”