गव्हाचं बदक

हेंगला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी दोन बोटं माझ्या कुत्र्याच्या तोंडात होती.

"सोड... सोड म्हणते ना," मी लुकचिनला दटावत होते. त्याने दात घट्ट आवळले होते. एरवी तो माझ्या शब्दाबाहेर नसतो, पण तोंडात खमंग काही असलं की त्याच्या लेखी कुठली मालकीण खिम आणि कुठलं काय.

"अहो, खाऊ द्या की त्याला," वरून आवाज आला. "मांस नाहीये त्यात. सणाचं आहे, एकदम शुद्ध."

मी मान वर केली. दुकानावर पिवळी पताका, पांढरा सदरा, कोपरापर्यंत कणकेने माखलेले हात आणि – आता खोटं कशाला बोलू – बघत राहावं असा चेहरा. पण मी त्या सकाळी चेहरे बघायला निघाले नव्हते. मी चोर पकडायला निघाले होते.

लुकचिनला गहू पचत नाही. बाकीच्या कुत्र्यांना बहुतेक चालतो, याला नाही. आतडी सुजतात, जुलाब लागतात, अंगावरचं मांस उतरतं. त्याच्यापायीच मी तांदळाच्या पिठाची बिस्किटं भाजायला शिकले आणि पुढे बाजारात विकायलाही लागले. घरात गव्हाचा कण नाही, तरी नऊ दिवसांचा शाकाहारी सण सुरू झाल्यापासून तो झिजत चालला होता. जनावरांच्या डॉक्टर बाईंनी आदल्या दिवशी स्पष्टच सांगितलं होतं, आणखी एकदा असं झालं तर हा उठेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणून त्या सकाळी तो नेहमीसारखा बाहेर सटकला तेव्हा मी मुद्दाम अडवलं नाही, मागोमाग निघाले.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"बदक."

"कशाचं?"

"गव्हाचं," तो कौतुकाने म्हणाला. "कणीक पाण्यात धूत राहायची... पांढरं पाणी निघून जातं, चिवट गोळा उरतो. तो शिजवला की झालं बदक. तुम्ही या त्रांग शहरातल्या नाही की काय?"

त्रांगचीच होते. दरवर्षी मिटक्या मारत खात होते. यंदा मी ते घरात आणलं नव्हतं, पण गल्लीगल्लीत तेच शिजतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रोज देता?"

"रोज येतो, समोर बसतो, पंजा पुढे करतो... नाही कसं म्हणणार?"

माझ्या ओठांवर काय काय आलं म्हणून सांगू. पण अंगावर सणाच्या व्रताचे पांढरे कपडे. नऊ दिवस मांसमच्छी नाही, कांदालसूण नाही, खोटं नाही आणि शिवीही नाही. त्यात हे व्रत मी लुकचिनसाठीच धरलेलं. सगळं गिळलं आणि त्याला खरं काय ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला वाटलं पुण्य लागेल," तो हळूच म्हणाला. मग लगेच, "पण एक विचारू? तुम्ही त्याला काय घालत होता?"

"भोपळ्याची बिस्किटं. नेहमी मासा असतो त्यात, पण व्रतात हाताला लागायला नको म्हणून..."

"म्हणजे तुमच्या सोवळ्यात त्यालाही बसवलंत. मग बिचारा बदक शोधणारच."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"सण संपू दे," मी म्हणाले. "मग बोलते तुमच्याशी."

"धमकी आहे?"

"वचन आहे."

दुपारपर्यंत लुकचिन आडवा झाला. डॉक्टर बाईंनी पथ्य दिलं, पेज आणि उकडलेली कोंबडी, थोडी थोडी. मी ठरवून टाकलं. व्रत गेलं चुलीत, कुत्रा आधी. पातेलं हातात घेऊन कोंबडी आणायला निघणार तोच दारात हेंग. सगळी गल्ली पांढरी आणि हा निळ्या शर्टात. हातात कोंबडी.

"डॉक्टर बाईंना विचारून आलो. तुमचं व्रत त्याच्यासाठी आहे, ते मोडू नका," तो म्हणाला. "माझं मी मोडलं. चूल मागच्या अंगणात मांडतो."

"आणि दुकान? ऐन सणात?"

"व्रत मोडल्यावर आता सणभर मला त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकता यायचं नाही. आई एकटी रेटतेय. काही बोलली नाही, तिचंही व्रत आहे ना. नुसती बघत राहिली... ते जास्त वाईट होतं."

मग तो रोज आला. पत्र्यावर पाऊस वाजायचा, खाली तो कोंबडी उकडायचा आणि मी खिडकीतून हुकूम सोडायचे.

"मीठ नको. लसूण नको. कांदा तर अजिबात नको."

"म्हणजे कोंबडी सोडली तर याचं पथ्य आणि सणाचं पथ्य एकच की."

"गहू सोडून."

"गहू सोडून," तो हसला. ओल्या केसांतून पाणी निथळत होतं आणि तो कोंबडीचे धागे फुंकून फुंकून गार करत होता, लुकचिनची जीभ भाजू नये म्हणून. मी पुढचा हुकूम सोडायचा विसरले.

"अजून राग आहे माझ्यावर?" एकदा त्याने खालूनच विचारलं. "की दुसरं काही आहे?"

व्रतात खोटं बोलायची सोय नव्हती. मी खिडकी लावून घेतली.

लुकचिन आधी उठून बसायला लागला, मग पातेल्याशी घुटमळायला, आणि सणाच्या शेवटच्या सकाळी त्याने माझी चप्पल पळवली. मी तिथेच पायरीवर बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी पताका उतरल्या. गल्लीत पुन्हा रंग आले. मी माशाची बिस्किटं भाजत होते, तेवढ्यात हेंग पायरीवर येऊन बसला, लुकचिनच्या शेजारी. दोघेही माझ्याकडे बघत होते, सारखेच आशाळभूत.

"आलोय," तो म्हणाला. "वचन होतं. बोल."

मी सगळं जुळवून ठेवलं होतं. "गाढव आहेस. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जनावराला खायला घालतोस."

"बरं. अजून?"

"अजून..." बिस्किटाचा तुकडा माझ्या हातातच राहिला. "अजून, तू मला आवडतोस."

 लुकचिनच्या कानांमागे खाजवणारी हेंगची बोटं थांबली.

"खिम... आज व्रत नाहीये," तो म्हणाला. "आज खोटं बोललेलं चालतं."

"चालतं," मी म्हणाले. "तरी बोलत नाहीये."